आत्याच्या ट्रॅक्टरची टॉप लिंक

माझी आत्या जमीन सपाट करते. शाळेचं मैदान असो, गोदामापुढचं आवार असो, नाहीतर नव्या घराचं अंगण, जिथे पाणी साचून डबकी होतात तिथे लोक तिला बोलावतात. तिच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर आहे. अरुंद फाटकातून आत जाईल, भिंतीच्या कडेला वळेल, एवढाच. त्याच्या मागे लोखंडी पातं लावलेलं असतं. आत्या सीटवर बसून मान मागे वळवते आणि उंचवट्याची माती ओढून खड्ड्यात नेऊन टाकते. तिचं निम्मं आयुष्य मागे बघण्यात गेलं, असं आतोबा म्हणतात.

आतोबा म्हणजे तिचा नवरा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे. माणूस इतका शांत की गिऱ्हाइकाला वाटावं, दुकानात कुणीच नाही. आत्या नेमकी उलटी. ती घरी आली की गल्लीच्या टोकाला कळतं. तरुणपणी ती बांधकामावर घमेली उचलायची. एकदा रोलरवाला आला नाही, तेव्हा "मी बघू का चालवून?" असं म्हणून ती वर चढली आणि संध्याकाळपर्यंत खालीच उतरली नाही. मुकादमानं डोक्याला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी किल्ली तिच्याच हातात दिली. तिथून पुढे ती कुणाच्या हाताखाली फार दिवस राहिली नाही.

तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा. बाबांचं फिटरचं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक वेल्डिंग मशीन, भिंतीवर पान्यांची रांग आणि दारात कायम कुणाचं तरी मोडकं काहीतरी पडलेलं. बाबा मोजून मापून बोलणारे. आत्या त्यांना अजूनही "धाकट्या" म्हणते, आणि ते तिच्यापुढे खरंच धाकटे होतात.

आत्याचे गुडघे गेले तिथून ही गोष्ट सुरू होते. पातं ट्रॅक्टरला मागे तीन ठिकाणी जोडलेलं असतं. खाली दोन दांडे आणि वर मधोमध एक. त्या वरच्याला टॉप लिंक म्हणतात. तिला आटे असतात. फिरवून आखूड केली की पातं पुढे झुकून माती खरवडतं, लांब केली की मागे कलून माती नुसती पसरवतं. म्हणजे दर वेळी खाली उतरायचं, मागे जायचं, दांडा फिरवायचा, परत वर चढायचं, जरा पुढे जाऊन बघायचं आणि मनासारखं नसेल तर पुन्हा उतरायचं. आत्याच्या मनासारखं पहिल्या फेरीत कधीच नसायचं.

"धाकट्या, माझे गुडघे मैदानात राहतात आणि मी घरी येते," ती एकदा बाबांना म्हणाली. "सीटवर बसल्या बसल्या तो दांडा लांब आखूड होईल असं काहीतरी कर."

बाबांना ते आवडलं. आटेवाला दांडा काढून त्या जागी तेलावर चालणारा सिलिंडर बसवायचा, ट्रॅक्टरच्या पंपातून दोन नळ्या त्याला जोडायच्या आणि सीटजवळ एक लिव्हर. लिव्हर पुढे केला की सिलिंडर लांब, मागे ओढला की आखूड. बाबांनी बरेच दिवस मापं घेतली. सिलिंडर पूर्ण आखूड झाला तर पातं टायरला लागेल का, पूर्ण लांब झाला तर कुठे अडकेल का, लिव्हर सोडल्यावर पातं आपोआप खाली सरकेल का, सगळं बघितलं. ते सरकू नये म्हणून त्यांनी मध्ये एक लॉकचा व्हॉल्व्हही घातला. लग्नाची खरेदीसुद्धा त्यांनी एवढ्या बारकाईनं केली नव्हती, असं आई म्हणाली.

फक्त एक नळी आखूड पडली.

मी त्या दिवशी बाबांचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले होते. आत्या ट्रॅक्टर घेऊन सकाळपासून तिथेच होती. एका शाळेचं मैदान तिनं अंगावर घेतलं होतं आणि मुख्याध्यापिका रोज फोन करत होत्या. बाबा म्हणत होते, "ताई, नवी नळी उद्या येईल. उद्या बसवू."

"आणि आज मी काय करू? तुझ्या तोंडाकडे बघत बसू?" आत्यानं भिंतीवर टांगलेली एक नळी काढली. "ही बघ की, लांब आहे."

"ती दुसऱ्या मशीनची आहे. जुनी आहे."

"जुनी तर मीही आहे. बसव!"

बाबांनी नळी हातात घेऊन वाकवून बघितली, उजेडाकडे धरली, फडक्यानं पुसली. मग म्हणाले, "आज नुसतं चालवून बघू. कामाला नेशील ती नवी लावूनच." आणि त्यांनी ती बसवली.

पहिल्यांदा लिव्हर ओढला आणि ते जड पातं कुणीही हात न लावता हळूच पुढे झुकलं, तेव्हा आत्यानं टाळ्या वाजवल्या. पुन्हा, पुन्हा, असं तिनं चार-पाच वेळा करायला लावलं. मग तीच म्हणाली, "थांब रे, इथे तेलाचा वास येतोय. मागे धुकं दिसतंय बारीक."

"कुठं गळतंय बघ," बाबा सीटवरून ओरडले. इंजिन चालू होतं, लिव्हर त्यांनी दाबून धरला होता. "हात लावू नकोस हां. पुठ्ठा फिरव, तेल त्यावर उमटेल. ताई, पुठ्ठा घे!"

आत्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे. तिचा हात आधीच नळीवर होता. आयुष्यभर जसं ती हात फिरवून बघायची, कुठे ओलं आहे, कुठे गरम आहे, तसाच तिनं तो फिरवला. मग झटक्यात मागे घेतला.

"आई गं! टोचलं काहीतरी."

मी बघितलं. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाशी एक बारीक ठिपका होता. रक्तसुद्धा नीट आलं नव्हतं. आत्या हसली. "एवढा मोठा ट्रॅक्टर आणि चावला डासासारखा."

इंजिन बंद झालं. बाबा सीटवरून उतरले ते उडी मारूनच. मी त्यांना तसं उतरताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिचं बोट धरलं, ठिपका बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला.

"गाडी काढ," ते मला म्हणाले.

"कशाला?"

"गाडी काढ म्हणतोय ना! दवाखान्यात जायचंय."

आत्या आणि मी एकमेकींकडे बघायला लागलो. "याला काय झालं? अरे, साबण लावून धुते. हळद लावते घरी जाऊन."

"ताई, तेल आत गेलंय."

"एवढ्याशा भोकातून? आणि गेलं तर गेलं, बाहेर येईल."

बाबांनी तिला दंडाला धरून अक्षरशः गाडीत बसवलं. माझ्या जन्मात मी बाबांना आत्याच्या मनाविरुद्ध काही करताना पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला खरंच वाटलं, बाबांचं डोकं फिरलं. वाटेत आत्या शाळेच्या मैदानाबद्दलच बोलत होती. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, "दुखत नाहीये, बोट जरा बधिर झालंय." मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ते बोट पांढरं पडलं. हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचलो तोवर ते फुगायला लागलं होतं आणि आत्याचं बोलणं थांबलं होतं.

तपासायला आल्या त्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी बोट बघितलं आणि पहिला प्रश्न आत्याला नाही, बाबांना केला.

"कसलं तेल?"

"ट्रॅक्टरचं, हायड्रॉलिकचं. दाबाखाली होतं."

"कधी झालं?"

"आत्ता. तडक इकडेच आलो."

"काही खाल्लंय का यांनी?" आणि उत्तराची वाट न बघता त्या नर्सला म्हणाल्या, "ऑपरेशनची तयारी करा."

आत्या उठून बसली. "कसलं ऑपरेशन? बाई, साधी सुई टोचल्यासारखं झालंय. मलम द्या, मला काम आहे."

डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या. शांतपणे सांगायला लागल्या. नळीतल्या भोकातून तेल इतक्या जोरानं येतं की ते कातडीवर थांबत नाही. ते बोटातून आत शिरतं आणि जिथे वाट मिळेल तिथे पसरत जातं, तळहातापर्यंत, कधी मनगटापर्यंत. बाहेरून काही दिसत नाही. आतलं मांस मरायला लागतं. "आम्हाला हात उघडून ते धुवून काढावं लागेल. आत्ताच. वेळ गेला तर बोट जाईल, कदाचित हात."

आत्यानं हात डोळ्यांसमोर धरला आणि त्या ठिपक्याकडे बघत राहिली. सकाळी याच हातानं तिनं ट्रॅक्टर आणला होता. "उघडून म्हणजे?" तिनं विचारलं. इतक्या हळू आवाजात ती बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं.

तिला आत नेलं. मी आतोबांना फोन केला. काय बोलले ते आठवत नाही. ते आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी सदरा होता, एक बाही इस्त्री केलेली, दुसरी चुरगळलेली. तो आपण घेऊन आलोय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तेल बोटातून तळहाताच्या मध्यापर्यंत गेलं होतं. जेवढं निघालं तेवढं काढलं होतं. जखम शिवली नव्हती, उघडीच ठेवली होती, कारण पुन्हा धुवावी लागणार होती. "लवकर आणलंत म्हणून हात राहील," त्या म्हणाल्या. "बोटाचं आज सांगता येत नाही."

सुईच्या टोकाएवढं भोक, आणि बोटाच्या टोकापासून तळव्यापर्यंत हात चिरलेला. मी पट्टी बदलताना एकदाच बघितलं आणि बाहेर येऊन कठड्याला धरून उभी राहिले.

बाबांना ते मनात ठेवणं जमलं नाही. कॉरिडॉरमध्येच ते आतोबांपुढे जाऊन उभे राहिले. "नळी जुनी होती," ते म्हणाले. "मला माहीत होतं. तरी मी लावली."

मला वाटलं, आतोबा नेहमीसारखे मान हलवतील आणि गप्प बसतील. कुणावर आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकानं शिव्या दिल्या तरी ते घडी घालत राहायचे.

"मेव्हणे," ते म्हणाले, "माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नका."

आवाज त्यांनी तेव्हाही चढवला नाही. पण बाकावर बसलेली दोन अनोळखी माणसंही आमच्याकडे वळून बघायला लागली. बाबा जिन्यानं खाली उतरून गेले आणि मी कुणामागे जावं ते न कळून मधेच उभी राहिले.

पुढच्या दिवसांत आत्याचा हात आणखी दोनदा धुतला. तर्जनी अर्धी कापावी लागली. शेजारच्या मधल्या बोटातही तेल उतरलं होतं; ते बोट राहिलं, पण वाकायचं नाही. बाबा रोज हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत यायचे आणि मला आत पाठवायचे. वर्कशॉप बंद होतं. एकदा मी सहज डोकावले तर त्यांनी ती जुनी नळी करवतीनं कापून तिचे बोटाएवढे तुकडे केले होते. सिलिंडर ट्रॅक्टरवरून काढून गोणपाटात गुंडाळून बाकाखाली ढकलला होता, आणि जुना आटेवाला दांडा परत जागेवर लावून ठेवला होता.

आत्या घरी आली आणि तिच्या लक्षात आलं की भाऊ येत नाही. चार लोक बघायला आले होते, खोली भरलेली होती. "धाकटा कुठाय?" तिनं विचारलं. आतोबा इस्त्रीच्या टेबलापाशी पाठ करून उभे होते. शेवटी मीच सांगितलं.

आत्यानं नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. "अहो, इकडे बघा. ती नळी भिंतीवरून मी काढली. उद्या लावू म्हणत होता तो. मीच डोक्यावर बसले. पुठ्ठा घे म्हणून ओरडला, मी ऐकलं आणि तरी हात घातला. त्यानं ओढत नेलं नसतं ना, तर मी हळद लावून झोपले असते आणि आज तुम्ही अख्ख्या हाताला रडत बसला असता."

बघायला आलेल्यांनी आपापल्या चपला शोधल्या. आतोबांनी इस्त्री उभी करून ठेवली. त्यांच्या हाताखालच्या कपड्यावर पिवळा डाग पडला होता. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून जळालेला तो पहिला कपडा. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "बाबांना सांग, जेवायला या म्हणावं." मग जरा थांबून, "उद्या सांगू नकोस. आजच सांग."

बाबा आले. दोघे मेव्हणे शेजारी शेजारी बसून खाली मान घालून जेवले. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. आत्यानं डाव्या हातानं खाताना सगळ्यांवर सांडलं आणि त्यावर स्वतःच हसली.

आता सगळं आपापल्या जागी बसेल असं वाटत होतं. आत्या आता ट्रॅक्टर विकेल, हे आम्ही मनात धरूनच चाललो होतो. पण हिवाळा संपत आला तशी ती एका सकाळी उठून वर्कशॉपमध्ये गेली. मी तिच्याबरोबर होते. ट्रॅक्टरच्या मागे उभी राहून तिनं आटेवाला दांडा धरला. उजव्या हाताची पकड बसेना. डावा लावला, तो घसरला. तिनं दोन्ही हात लावले, दात ओठ खाल्ले. दांडा जागचा हलला नाही. तिथे उभ्या उभ्या तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉस्पिटलमध्येही ती रडली नव्हती.

मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "धाकट्या, ती सिलिंडरवाली लिंक परत बसव."

बाबांच्या हातातून पाना पडला. "काय?"

"हा दांडा आता मला या जन्मात फिरवता येणार नाही. ती लागेलच."

"वेड लागलंय का तुला? ताई, ज्यानं हात खाल्ला तेच परत मागतेस?"

"त्यानं नाही खाल्ला, घाईनं खाल्ला. बसवतोस का?"

"मी त्याला हात लावणार नाही. मेलो तरी नाही." आणि बाबा चक्क बाहेर निघून गेले.

आत्यानं वाद घातला नाही. ती वाद घालत नाही म्हणजे काहीतरी भयंकर करणार हे मला कळायला हवं होतं. दोन दिवसांनी शेजारचा चहावाला धावत सांगत आला, आत्याचा ट्रॅक्टर पुलापलीकडच्या फिटरकडे उभा आहे, आणि तो त्याला मागे काहीतरी बसवतोय.

पुलापलीकडच्या फिटरकडे! बाबांच्या हाताखाली शिकून गेलेला तो, आणि त्याच्या कामाला बाबा नावं ठेवायचे. ते तसेच उठले. चप्पल घालायची राहिली, अनवाणीच गाडीत बसले. मी मागोमाग. तिथे आत्या खुर्ची टाकून बसली होती आणि तो फिटर घामाघूम झाला होता.

"नळ्या कुठून आणल्यास?" बाबांनी त्याला विचारलं. 'कसा आहेस' वगैरे काही नाही.

"नव्या आहेत, दादा."

"बघू. यावर तारीख कुठाय? आणि ही इथून नेलीस? पातं उचललं की ही टायरला घासणार. लॉकचा व्हॉल्व्ह? कुठाय लॉक?"

तो फिटर आत्याकडे बघायला लागला. आत्या वर आढ्याकडे बघत होती.

"सरक," बाबा म्हणाले. "सरक बाजूला. मला माझा सिलिंडर लागेल." मग माझ्याकडे वळून, "बाकाखाली आहे. घेऊन ये." पहिला नट सोडवायलाच त्यांना खूप वेळ लागला.

त्यांनी सगळं उतरवलं आणि पुन्हा पहिल्यापासून बसवलं. दोन्ही नळ्या कोऱ्या, त्यांच्यावरून जाड कापडी वेष्टण, आणि बाहेरून पत्र्याचं आवरण, म्हणजे तेल फुटलंच तर माणसाकडे येणार नाही. चालवून बघताना त्यांनी आम्हा सगळ्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं. आत्यालाही. तिनं ऐकलं. गुपचूप जाऊन उभी राहिली, दुखरा हात काखेत दाबून. लिव्हर हलला, पातं झुकलं, वर आलं, पुन्हा झुकलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांनी इंजिन बंद केलं, लिव्हर दोन-तीनदा पुढेमागे करून नळ्यांतला दाब सोडला आणि मगच खाली उतरून एक-एक जोड बघितला. सगळं कोरडं होतं. ते मागच्या चाकाला टेकून उभे राहिले आणि त्यांना रडू फुटलं. पुलापलीकडचा फिटर बिचारा पाणी आणायला धावला.

आत्या पुन्हा कामाला लागली ती एका नव्या गोदामाच्या आवारापासून. थंडीत तिचं ते अर्धं बोट ठणकतं, मधलं अजून वाकत नाही, लिव्हर ती तळहाताच्या कडेनं ढकलते. मोठी कामं आता घेत नाही. आतोबा पहिल्या दिवशी दुकान बंद करून तिच्याबरोबर गेले. दिवसभर कुंपणाशी उभे होते, आणि पातं हललं की दर वेळी डोळे मिटून घ्यायचे. बाबाही गेले होते. दुपारी गोदामाचा ठेकेदार येऊन म्हणाला, उतार फाटकाकडे नको, मागे घ्या. आत्या ट्रॅक्टरवर उभी राहिली आणि तिनं त्याला असं काही सुनावलं की आत पोती उतरवणारे हमालही बाहेर आले. ठेकेदार मागे मागे सरकत भिंतीला टेकला. बाबा आतोबांकडे बघून हळूच म्हणाले, "बरी झाली हो ताई." आतोबांनी मान हलवली आणि डबा उघडायला घेतला.